विहिरीतला कंदील

आमचे अब्बा मोहोळकडच्या गावांत जुन्या विहिरींचा गाळ काढायला जायचे. उतरण्याआधी दोराला कंदील बांधून खाली सोडत. ज्योत विझली, की त्या दिवशी कुणी उतरायचं नाही. हवेत एरवी 21 टक्के प्राणवायू असतो. तो साधारण 16-17 टक्क्यांवर आला की ज्योत जाते. माणूस मात्र अजून शुद्धीवर असतो. म्हणूनच तो फसतो.

2021च्या एप्रिलमध्ये आमचे थोरले भाईजान असेच फसले. बोटाला लावलेलं ऑक्सिमीटर 82 दाखवत होतं आणि ते चहा मागत होते. ‘मशीन बिघडलंय,’ म्हणाले. सोलापुरात बेड मिळेपर्यंत रात्र गेली. तिसऱ्या दिवशी ते गेले.

तेव्हापासून माझ्यासारखा बी.ए. झालेला कवी एकच प्रश्न विचारत सुटला : त्यांना कळलं नाही, पण आत कुणाला तरी कळलं असेल ना?

कळतं. दम लागल्याची जाणीव मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साठल्यानं होते, म्हणून माणूस गाफील राहतो. पेशी नाही राहत. ती ‘हिफ’ नावाचं प्रथिन सारखं बनवते आणि सारखं मोडते. मोडण्याआधी त्यावर एक खूण उमटावी लागते आणि त्या खुणेला प्राणवायू लागतो. प्राणवायू घटला, की खूण नाही. हिफ साठतं, पेशीच्या केंद्रकात शिरतं आणि तांबड्या पेशी वाढवा, नव्या रक्तवाहिन्या काढा, असे हुकूम सोडतं. या शोधासाठी सेमेन्झा, रॅटक्लिफ आणि केलिन यांना 2019चं नोबेल मिळालं. मात्र या हुकुमांची तामिली व्हायला दिवस लागतात. भाईजानकडे तेवढे नव्हते.

हे सगळं जिवंत पेशीत पाहता येतं. शिमोमुरा यांनी 1962 मध्ये जेलीफिशमधून निळ्या उजेडात हिरवं चमकणारं प्रथिन वेगळं केलं होतं. तसलं प्रथिन हिफला जोडलं, की सूक्ष्मदर्शकाखाली केंद्रक हिरवं होत जाताना दिसतं. पण गंमत पाहा, त्या प्रथिनात चमक तयार व्हायलाच प्राणवायू लागतो! तो अगदी संपत आला, की नवी चमक येत नाही. मग अंधार दिसला, तर हिफ नाही म्हणायचं, की दिवाच पेटला नाही? म्हणून शास्त्रज्ञांनी प्राणवायूशिवाय चमकणारी दुसरी प्रथिनं शोधली. रुथेनियम धातूचे काही रंग तर असे, की प्राणवायू घटला की त्यांची चमक वाढते. अब्बांच्या कंदिलाच्या अगदी उलट.

तो कंदील अजून माझ्याकडे आहे. काच तडकलीय. भाईजानचं ऑक्सिमीटर मी त्याच्याच शेजारी ठेवलंय, सेल काढून.