एक्सलची लांबी मोजताना

बैलगाडीच्या आसाची लांबी सुतार एकदाच मोजतो. दोन्ही चाकं त्या एकाच आसावर फिरतात. एक चाक दगडावर चढलं तर सगळी गाडी कलते, पण आसाची लांबी बदलण्याचा प्रश्न येत नाही. वाळूच्या टेकड्यांवर उड्या मारत जाणाऱ्या मोटारीचं तसं नसतं. तिच्या एक्सलची लांबी एका मापानं ठरवली, तर ती मोटार पहिल्याच मोठ्या उडीला बसून राहण्याची शक्यता असते.

या मोटारींचं घर म्हणजे अमेरिकेतला कॅलिफोर्निया. १९६४ साली ब्रूस मायर्स यांनी तिथं फोक्सवॅगन बीटलचं इंजिन आणि चाकांची यंत्रणा घेऊन त्यावर फायबरग्लासची हलकी बॉडी चढवली. ही ‘मायर्स मँक्स’ बग्गी. बीटलचं इंजिन मागे असतं. त्यामुळे वजन ओढणाऱ्या चाकांवर पडतं आणि वाळूत पकड मिळते. १९६७ साली मेक्सिकोतली लांब पल्ल्याची शर्यत मँक्सनंच जिंकली. पुढे हौशी लोक नुसत्या पोलादी नळ्यांचा सांगाडा जोडून अशा मोटारी घरच्या गॅरेजमध्ये बनवू लागले. मेक्सिकोच्या सीमेजवळच्या इम्पीरियल वाळूटेकड्यांवर हिवाळ्यात त्यांची गर्दी असते.

अशा मोटारीत गिअरबॉक्स सांगाड्याला घट्ट बसवलेला असतो आणि चाक मात्र वर-खाली होतं. दोघांना जोडणारा दांडा म्हणजे एक्सल. त्याच्या दोन्ही टोकांना सीव्ही जॉइंट असतात. मारुती ८०० वळताना पुढच्या चाकाजवळून ‘टक-टक’ आवाज आला की मेकॅनिक म्हणायचा, “जॉइंट गेला, बूट फाटलाय.” त्याच जातीचा हा सांधा. तो वाकडा होऊनही फिरतो आणि थोडा आत-बाहेरही सरकतो. हे सरकणं काही सेंटिमीटरचंच असतं आणि सांधा जास्त वाकला की तेही कमी होतं. सगळा हिशेब या थोड्या सेंटिमीटरांत बसवावा लागतो.

इथं शाळेतला पायथागोरस कामाला येतो. समजा, दांडा आडवा असताना गिअरबॉक्सपासून चाकाच्या सांध्यापर्यंत ६० सेंटिमीटर अंतर आहे. चाक सरळ २५ सेंटिमीटर खाली गेलं की ते अंतर ६५ होतं. पाच-बारा-तेराचाच हा त्रिकोण. चाक तितकंच वर गेलं तरी पुन्हा ६५. म्हणजे चाकाची एकूण चाल ५० सेंटिमीटर आणि अंतरातला फरक ५.

आता कुणी फक्त वरच्या आणि खालच्या टोकाला मोजलं, तर दोन्ही वेळा ६५ येईल आणि माप पक्कं झालं असं वाटेल. पण त्या मापाचा दांडा मधल्या जागी येताच आत दाबला जाईल आणि गिअरबॉक्सवर किंवा चाकाच्या बेअरिंगवर आदळेल. उलट, गाडी उभी असतानाच ६० मोजून दांडा केला, तर गाडी हवेत उडून चाकं लोंबकळली की सांध्यातून निसटू पाहील.

म्हणून जाणते लोक आधी स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर काढून ठेवतात. गाडी घोड्यांवर सपाट उभी करतात आणि गिअरबॉक्स कायमच्या जागी आवळतात. मग शॉक अ‍ॅब्सॉर्बर पुरता दबला किंवा पुरता ताणला तर चाक कुठवर जाईल, त्या दोन खुणा करतात. जॅकनं चाक थोडं थोडं उचलत, दर पाच सेंटिमीटरला, दोन्हीकडच्या सांध्यांच्या बैठकींमधलं अंतर लिहून घेतात. डावी-उजवी बाजू वेगवेगळी मोजतात. घरच्या वेल्डिंगमध्ये दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या येतातच असं नाही. आणि चाक धरणारा हात वर्तुळाच्या कमानीत फिरतो, त्यामुळे चाक पुढे-मागेही होतं. कागदावरचा त्रिकोण म्हणूनच पुरत नाही, टेप लावावीच लागते.

या आकड्यांतला सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा, हे दोन महत्त्वाचे. लहान मापाला दांड्याच्या टोकाशी फट उरली पाहिजे, मोठ्या मापाला सांधा जागेवर राहिला पाहिजे. दोन्ही सांध्यांचं सरकणं मिळून हा फरक भरून निघत नसेल, तर कुठल्याही लांबीचा दांडा चालणार नाही. मग चाक ठरावीक जागेखाली जाऊ नये म्हणून मजबूत पट्टा बांधतात, किंवा हाताची बैठकच बदलतात. दांडा पाणी दिलेल्या मिश्र पोलादाचा असतो. तो कापून-जोडून घेता येत नाही. म्हणून ही खात्री दांडा मागवण्याआधीच करायची. मागवताना माप कुठून कुठपर्यंतचं, हेही कळवावं लागतं. दांडा आला की स्प्रिंग न लावता चाक हातानं फिरवत खालपासून वरपर्यंत न्यायचं. कुठंही अडकता कामा नये.

आपल्याकडे इंदूरजवळच्या पिथमपूरला २००७ साली विद्यार्थ्यांनी बनवलेल्या बग्ग्यांची पहिली ‘बाहा’ स्पर्धा झाली. तेव्हापासून महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतली मुलंही खडबडीत वाटेवर चालणाऱ्या बग्ग्या बनवतात. तिथं वाळू नसली तरी नियम हाच. जे चालताना हलणार आहे, ते हलवूनच मोजायचं. उभ्या गाडीचं माप उभ्या गाडीपुरतंच खरं असतं.