ब्रेकच्या नळींतील हवा

कुंभार पिंपळगांव हें जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यांतील गांव. त्याच्या नांवांतच कुंभार आहे, आणि कुंभारकामाचा पहिला धडा असा कीं, माती चाकावर ठेवण्यापूर्वीं चांगली मळून तींतील हवा काढावी. आंत पोकळी राहिली तर वरून सुबक दिसणारें भांडें भिंतींत कच्चें राहतें. मोटारसायकलीच्या पुढच्या ब्रेकलाही हाच धडा लागू आहे. मात्र तेथें प्रश्न भांड्याचा नसून जिवाचा असतो.

जुन्या पद्धतीच्या ब्रेकमध्यें तार ओढली जाते. द्रवाच्या दाबावर चालणारा डिस्क ब्रेक होंडा कंपनीच्या सीबी ७५० या गाडीनें १९६९ सालीं लोकांच्या नित्य वापरांत आणला. त्याच्या मुळाशीं सतराव्या शतकांतील फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कल याचा नियम आहे: कोंडलेल्या द्रवावर एके ठिकाणीं दिलेला दाब सर्वत्र सारखाच पोंचतो. लिव्हर ओढला कीं मुठीजवळचा लहान दट्ट्या ब्रेक ऑइल दाबतो, तो दाब नळीवाटे चाकाजवळच्या कॅलिपरमध्यें जातो, आणि पॅड डिस्कला घट्ट धरतात. द्रव दबत नाहीं. हवा मात्र दबते. नळींत बुडबुडा असेल तर बोटांचा जोर तो चेपण्यांतच खर्ची पडतो. लिव्हर मऊ होऊन मुठीस टेकतो, आणि चाक फिरतच राहतें.

रबरी नळी कालांतरानें फुगते, तडकते. ती बदलणें शहाणपणाचेंच. परंतु जुनी नळी सोडतांच तेलाची जागा हवा घेते. म्हणून नवी नळी बसविली म्हणजे काम अर्धेंच झालें. नळीच्या टोकांशीं असलेल्या पोकळ बोल्टांना दोन्ही बाजूंस नवीं वॉशर घालावीं. हँडल दोन्हीकडे पुरतें वळवून नळी कोठें ताणत अथवा घासत नाहीं, हें पाहावें.

यापुढील काम म्हणजे मेकॅनिकांच्या भाषेंत 'एअर काढणें'. ब्रेक ऑइल रंग खातें, म्हणून पेट्रोलची टांकी ओल्या फडक्यानें झांकावी. कॅलिपरच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचें दुसरें टोंक बाटलींतील ब्रेक ऑइलमध्यें बुडवावें. एकानें लिव्हर सावकाश चार-पांच वेळां दाबून धरून ठेवावा. दुसऱ्यानें निपल पाव फेरा सैल करावा. तेलाबरोबर बुडबुडे बाहेर येतील. निपल पुन्हा आवळल्यावरच लिव्हर सोडावा; आधीं सोडला तर बाहेरची हवा आंत ओढली जाते. बुडबुडे थांबेपर्यंत हें चालूं ठेवावें. वरच्या डबींतील तेल खालच्या खुणेखालीं कधींही जाऊं देऊं नये, नाहीं तर सारा खटाटोप पहिल्यापासून करावा लागतो.

हवेचा स्वभाव वर चढण्याचा. कोरड्या नळींत तेल वरून उतरेना, तर पिचकारीनें निपलमधून तें खालून वर चढवावें. डबींत तेल फार झाल्यास काढून घ्यावें. कित्येकदां शेवटचा बुडबुडा लिव्हरजवळच्या वरच्या बोल्टांत अडकतो. नळीला हलक्या टिचक्या मारून लिव्हर थोडथोडा हलविला, तर तो डबींत येऊन फुटतो. एबीएस असलेल्या गाडींत मात्र हवा त्या यंत्रांतही अडकूं शकते. १२५ सीसीहून मोठ्या नव्या दुचाकींना तें भारतांत १ एप्रिल २०१९ पासून सक्तीचें आहे. अशी गाडी जाणत्याच्या हातीं द्यावी.

तेल डबीवर लिहिलेल्या जातीचेंच, व सीलबंद बाटलींतील ताजें असावें. तें हवेंतील ओल शोषतें. डॉट ४ जातीचें कोरडें तेल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाहीं. ओल शोषल्यावर ही मर्यादा १५५ अंशांवर येते. उकळलेल्या तेलाची वाफही हवेसारखीच दबते. इंजिन ऑइल तर चुकूनही घालूं नये; त्यानें आंतील रबर फुगून निकामी होतें.

ब्रेक लावतांना गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून थांबविण्याचें बहुतेक काम पुढचा ब्रेकच करतो. गोदाकांठच्या या भागांत हंगामांत उंसानें भरलेल्या ट्रॉल्या रस्त्यानें जातात. अंधारांत त्यांची मागची बाजू अगदीं जवळ गेल्यावरच दिसते. अशा क्षणीं मऊ लिव्हर हा विश्वासघात ठरतो. काम घरीं झालेलें असो वा गॅरेजांत, लिव्हर जोरानें ओढून मिनिटभर धरावा. तो हळूहळू खचत जाईल, किंवा बोल्टाशीं ओल दिसेल, तर गाडी रस्त्यावर नेऊं नये. लिव्हर दगडासारखा लागला, तरच प्रथम पायीं चालण्याच्या वेगानें ब्रेक पारखावा, आणि मगच मागच्या आसनावर घरचें माणूस बसवावें.