वाहन बाईंचे, जबाबदारी कोणाची?

श्रोतेहो, मूल सांभाळणाऱ्या बाईने त्यास स्वतःच्या दुचाकीवरून न्यावे काय? आमच्या हेमलकशास पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडची वाट बंद पडते. तेव्हा हा प्रश्न विशेष बिकट होतो. माझे मत असे की, गाडी तिची असली तरी फेरी आपल्या कामाची. सबब इंधन व झीज यांचा खर्च आपणच सोसावा. २०२२ साली अधिसूचित झालेल्या नियमान्वये चार वर्षांखालील मुलास दुचाकीवर सुरक्षापट्टा हवा, आणि वेग ताशी ४० किलोमीटरांच्या आत हवा. तो पट्टाही आपणच घेऊन द्यावा. मात्र पाणी पाहून बाई ‘आज नको’ म्हणाली, तर वेतन न कापता तिचा शब्द मानावा. जिच्या हाती मूल सोपविले, तिच्या विवेकावर विश्वास नको काय?