आधीं ऐकावें, मग आंखावें

(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



ज्युबिलीचा दिवस हा परमेश्वराचे उपकार आठवण्याचा दिवस. ज्या पूर्वजांनीं घामाचा पैसा घालून हें मंदिर उभें केलें, त्यांचें स्मरण आज आपण मिस्सेंत केलेंच आहे. परंतु गेलेल्या वर्षांचा हिशेब झाला, कीं येणाऱ्या वर्षांचा विचार ओघानेंच येतो. पुढील वाट कशी असावी, हा प्रश्न आज आपल्यापुढें आहे. मला त्याच्याही अगोदरच्या एका प्रश्नाविषयीं बोलावयाचें आहे: ही वाट आंखतांना विचारावयाचें कोणाला?

उत्तर शोधण्यासाठीं मी आपणांस शेजाऱ्याच्या अंगणांत नेणार आहें. मेथडिस्ट पंथाचे लोक आपल्या कळपांतले नव्हेत. परंतु ख्रिस्ताचें नांव घेणारे ते आपले बंधूच आहेत, आणि शेजाऱ्याकडून शिकण्यांत कमीपणा नाहीं.

अठराव्या शतकांत इंग्लंडमध्यें जॉन वेस्ली या अँग्लिकन धर्मगुरूनें ही चळवळ चालविली. ब्रिस्टल शहरांत १७३९ सालीं त्याच्या मंडळीनें एक प्रार्थनागृह बांधावयास घेतलें. इमारत उभी राहिली, आणि तिच्याबरोबर कर्जही उभें राहिलें. हें दुःख आपल्याकडील कारभाऱ्यांस नवें नाहीं! तें कर्ज कसें फेडावें याचा विचार करण्यास १७४२ च्या फेब्रुवारींत सभा बसली. तेव्हां फॉय नांवाच्या एका कप्तानानें उठून सुचविलें, कीं प्रत्येक सभासदानें दर आठवड्यास एक पेनी द्यावी. कोणी म्हणालें, पुष्कळांना तेवढेंही झेपणार नाहीं. त्यावर तो म्हणाला, कीं मग सर्वांत गरीब असे अकरा जण माझ्याकडे सोंपवा; मी दर आठवड्यास त्यांच्याकडे जाईन, आणि जें त्यांना देववणार नाहीं तें पदरचें भरीन.

सूचना मान्य झाली. बाराबारा जणांचे गट पडले, व गटनायक पेनी गोळा करण्यास घरोघर जाऊं लागले. पैसा मागावयास गेलेल्या ह्या माणसांना घरांतलें खरें चित्र दिसलें. कोठें दारूनें संसार बुडत होता, कोठें नवराबायकोचें पटत नव्हतें. वेस्लीच्या कानीं हें येतांच त्यानें ओळखलें, कीं आपण इतके दिवस जें शोधीत होतों तें हेंच. गटनायकानें प्रत्येकाची दर आठवड्यास विचारपूस करावी असें ठरलें, आणि त्यांतूनच मेथडिस्टांची ‘क्लास’ ही व्यवस्था निघाली. ज्या व्यवस्थेवर तो पंथ पुढें उभा राहिला, ती कोणा पंडिताच्या मेजावर जन्मली नाहीं. कर्जाच्या सभेंत एक सभासद बोलला व इतरांनीं तें ऐकून घेतलें, म्हणून ती जन्मली.

परंतु ऐकण्याची ही संवय त्यांच्या वरिष्ठ कारभारांत उतरली नाहीं. १७८४ च्या एका दस्तऐवजानें सर्व कारभार शंभर प्रवचनकारांच्या परिषदेकडे गेला. सामान्य सभासदांस तींत जागा नव्हती. १७९१ सालीं वेस्ली वारला, आणि कुरबुर वाढली. सभासदांना कारभारांत वांटा असावा असें म्हणणाऱ्या अलेक्झांडर किलहॅमला बाहेर काढण्यांत आलें; १७९७ सालीं त्याच्या पक्षानें वेगळी चूल मांडली. १८४९ सालीं पुन्हां तीन धर्मसेवकांना काढलें, आणि पुढील कांहीं वर्षांत सुमारें एक लाख सभासद मूळ मंडळी सोडून गेले. तिच्या परिषदेंत सामान्य सभासद बसले ते १८७८ सालीं. इंग्लंडांतील मुख्य शाखा एकत्र आल्या त्या १९३२ सालीं. १७९७ ची भेग बुजण्यास अशीं १३५ वर्षें लागलीं.

कोणी म्हणेल, “हें त्यांचें झालें, आपल्याकडे अधिकार मेंढपाळाचा आहे.” खरें आहे. श्रद्धेचीं सत्यें हात वर करून ठरत नाहींत. परंतु ऐकणें ही आपल्या घरचीच रीत आहे. प्रेषितांनीं विधवांच्या अन्नवाटपाविषयींची तक्रार ऐकली, आणि सात सेवक निवडण्यास सर्व मंडळीस सांगितलें. संत बेनेडिक्ट यांनीं सहाव्या शतकांत आपल्या नियमांत घालून दिलें, कीं महत्त्वाच्या कामीं मठाधिपतीनें सर्वांना बोलवावें, कारण पुष्कळदां परमेश्वर चांगली गोष्ट धाकट्यालाच सुचवितो. निर्णय मात्र सर्वांचें ऐकून मठाधिपतीनें करावा. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेनें १९६४ सालीं सांगितलें, कीं आपलें मत मांडणें हा प्रापंचिकांचा हक्क, नव्हे प्रसंगीं कर्तव्यही आहे. आणि पोप फ्रान्सिस यांनीं २०२१ सालीं आरंभलेला सिनड सुरू झाला तोच ठिकठिकाणच्या श्रद्धावंतांचें ऐकण्यापासून.

मीही कारभारांत वर्षें काढलीं आहेत. सभेंत कोणी बोललें नाहीं म्हणजे सर्वांची संमति आहे, असें मीं कितीदां तरी वहींत लिहिलें. आज मला वाटतें, त्यांतले कांहीं संमतीनें गप्प नव्हते. आपलें कोणी ऐकणार नाहीं ह्या खात्रीनें गप्प होते. ती चूक माझी आहे.

म्हणून माझी नम्र सूचना अशी. योजनेचा कागद लिहिण्यापूर्वीं आपण घरोघर जावें, आणि ह्या वेळीं हातांत पावतीपुस्तक नसावें. जे सभेला येत नाहींत त्यांच्यापासून आरंभ करावा: पहाटे बाजाराला जाणारी बाई, रात्रपाळीचा मुलगा, अंथरुणाला खिळलेली आजी, आणि मन दुखावल्यामुळें मंदिराची पायरी सोडलेला आपला बंधु. ते जें बोलतील तें त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावें. निर्णय झाल्यावर पुन्हां त्यांच्या दारीं जाऊन, काय स्वीकारलें, काय नाहीं आणि कां, हें सांगावें. ऐकून उत्तर न देणें हें न ऐकण्याहून वाईट.

त्या कप्तानानें सर्वांत गरीब असे अकरा जण मागून घेतले. आपल्यापैकीं प्रत्येकानें निदान पांच घरें मागून घ्यावीं. पवित्र आत्मा आपले कान उघडो, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतों.