नाव वणीचं, कचेरी यवतमाळची



आपल्या जिल्ह्याला यवतमाळ हे नाव 1905 साली मिळालं. त्याआधी सरकारी दप्तरात हा वणी जिल्हा होता. नाव वणीचं आणि जिल्ह्याची कचेरी मात्र यवतमाळला, असा कारभार कित्येक वर्षं चालला. डेप्युटी कमिशनर, म्हणजे आजचे जिल्हाधिकारी, यवतमाळात बसून वणी जिल्ह्याच्या नावाने हुकूम काढत. पठारावरचं एक परगण्याचं गाव जिल्ह्याचं मुख्य ठिकाण कसं झालं आणि त्या मानाबरोबर त्याच्यावर कोणतं ऋण आलं, ते आज मला सांगायचं आहे.

या भागात मोठेपणाचा मान आधी दुसऱ्या गावांकडे होता. अकबराच्या अखेरच्या काळात वऱ्हाड मोगलांकडे गेलं. अकबराच्या काळातल्या ‘आईन-इ-अकबरी’ या ग्रंथात वऱ्हाड सुभ्यातल्या सरकारांची यादी आहे. सरकार म्हणजे ढोबळमानाने आजचा जिल्हा. त्या यादीत कळंब आहे, माहूर आहे, वाशीम आहे. यवतमाळ त्यांच्या खालच्या पायरीवर, परगण्यांमध्ये सापडतं आणि तेही ‘योत-लोहारा’ असं लोहाऱ्याला जोडून. लोहारा आज शहराला लागून आहे आणि तिथल्या औद्योगिक वसाहतीमुळे सगळ्यांना ठाऊक आहे. कळंबला आपण चिंतामणीच्या दर्शनाला जातो, पायऱ्या उतरून जमिनीखालच्या मंदिरात जातो. हेच कळंब एके काळी आजूबाजूच्या परगण्यांचा हिशेब ठेवणारं ठाणं होतं, हे दर्शनाला आलेल्या मुलांना कुणीतरी सांगायला हवं.

पुढे वऱ्हाडात निजाम आणि नागपूरकर भोसले यांची दुअंमली, म्हणजे दोघांचा दुहेरी अंमल, आली. 1803 मध्ये देवगावच्या तहाने भोसल्यांचा वर्धा नदीच्या पश्चिमेकडचा हक्क गेला. 1853 मध्ये निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केलं. सुरुवातीला इंग्रजांनी या मुलखाचे दोनच जिल्हे केले. उत्तरेचा कारभार बुलढाण्याहून आणि दक्षिणेचा हिंगोलीहून चाले. 1860 च्या तहानंतर हिंगोलीकडचा भाग निजामाकडे परत गेला आणि वऱ्हाडची फाळणी पूर्व-पश्चिम अशी झाली. पूर्वेला अमरावती, पश्चिमेला अकोला. मग 1864 मध्ये आग्नेय वऱ्हाड नावाचा नवा जिल्हा निघाला. तोच पुढे वणी जिल्हा आणि 1905 पासून यवतमाळ जिल्हा. त्या वर्षी वाशीम जिल्हा मोडला आणि त्याचा पुसद तालुका आपल्याकडे आला. यवतमाळ, वणी, केळापूर, दारव्हा आणि पुसद हे त्या नव्या जिल्ह्याचे पाच तालुके. आज तालुके सोळा आहेत.

नकाशा समोर ठेवला की यवतमाळचं बळ कळतं. जिल्ह्याच्या उत्तर-पूर्वेला वर्धा नदी, दक्षिणेला पैनगंगा आणि मधे बालाघाटाचं पठार. या पठारावर साधारण 450 मीटर उंचीवर यवतमाळ वसलं आहे. वणी पूर्वेच्या टोकाला, वर्धेच्या खोऱ्यात. तिथून दारव्ह्याचा कारभार पाहायचा तर सगळा जिल्हा ओलांडावा लागे. यवतमाळ त्या मानाने मध्यावर, हवा थंड आणि अमरावतीची वाट जवळची. मुंबईहून निघालेली जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला, रेल्वे 1867 मध्ये नागपूरला पोचली. ती आपल्या जिल्ह्यात शिरली नाही, उत्तरेकडून बडनेरा, धामणगाव, पुलगाव असं करत निघून गेली. यवतमाळहून धामणगाव स्टेशन 29 मैल. त्या रस्त्याने कापसाच्या बंड्या चालू लागल्या आणि धामणगाव रोड ही शहराची पहिली मोठी वाट ठरली.

इथे मला अमेरिकेतल्या डेन्व्हर शहराची आठवण करून द्यायची आहे. रॉकी पर्वताच्या पायथ्याशी, समुद्रसपाटीपासून मैलभर उंचीवरचं हे गाव 1858 मध्ये सोन्याच्या शोधात आलेल्या लोकांनी वसवलं. 1861 मध्ये कोलोरॅडो प्रांत तयार झाला. राजधानीचा मान आधी कोलोरॅडो सिटीला, मग गोल्डनला आणि शेवटी 1867 मध्ये डेन्व्हरला मिळाला. म्हणजे आपली रेल्वे नागपूरला पोचली त्याच वर्षी. पण डेन्व्हरपुढेही यवतमाळचाच प्रश्न उभा राहिला. देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाणारी मोठी रेल्वे डेन्व्हर सोडून उत्तरेला शायेनवरून गेली. रेल्वेशिवाय राजधानी टिकणार नाही हे डेन्व्हरच्या लोकांनी ओळखलं. व्यापारी एकत्र आले, वर्गणी गोळा केली, स्वतःची रेल्वे कंपनी काढली आणि 1870 मध्ये शायेनपर्यंतची लाइन सुरू केली. सरकारी हुकमाने मिळालेलं स्थान गावाने स्वतःच्या हिमतीवर पक्कं केलं.

आपल्याकडे लाइन आली ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, आणि ती घातली किलिक-निक्सन या ब्रिटिश कंपनीने. मूर्तिजापूरपासून दारव्ह्यामार्गे यवतमाळपर्यंत 113 किलोमीटर, रुळांतलं अंतर अडीच फूट. हीच आपली शकुंतला. मूर्तिजापूरहून तिची दुसरी शाखा अचलपूरला जाई. कंपनीचं लक्ष कापसावर होतं. पठारावरचा कापूस मुख्य लाइनवर न्यायचा आणि तिथून मुंबईच्या बंदरात. देश स्वतंत्र झाला, रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं, तरी ही लाइन कंपनीच्याच मालकीची राहिली आणि भारतीय रेल्वे तिच्यावर गाड्या चालवत राहिली. 1921 मध्ये मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन या मार्गावर 1994 पर्यंत धावलं. त्यानंतर डिझेल आलं आणि गेल्या दशकात गाडीच थांबली. गोरगरिबांच्या या गाडीचं स्टेशन आणि रूळ आजही शहरात आहेत.

कापसाने या गावाला पोसलं. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने निघाले, अडते आले, वकील आले, छापखाने आले. 1901 मध्ये गावाची वस्ती दहा हजारांच्या आसपास होती. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 1 लाख 16 हजारांवर गेली. नगरपालिका 1869 मध्येच निघाली होती. ती मधे बंद पडली आणि 1894 मध्ये पुन्हा उभी राहिली.

पण केवळ कचेरी आणि कापूस यांनी शहर होत नाही. त्याला माणसं लागतात. लोकनायक बापूजी अणे यांचा जन्म 1880 मध्ये वणीचा. वकिली आणि सार्वजनिक आयुष्य यवतमाळचं. वणी आणि यवतमाळ या दोन्ही गावांना आपला वाटावा असा हा माणूस. ‘लोकमत’ हे साप्ताहिक त्यांनी याच गावातून काढलं. जुलै 1930 मध्ये पुसदच्या राखीव जंगलात गवत कापून त्यांनी जंगल सत्याग्रह सुरू केला. मिठाचा सत्याग्रह करायचा तर मिठागरं समुद्रकाठी असतात, पण जंगलातलं गवत आणि लाकूड आपल्या प्रत्येक खेड्याच्या जगण्याचा भाग होतं. सरकारी कायदा लोकांच्या अंगणात कुठे येऊन बसला आहे, हे अण्यांनी नेमकं हेरलं. स्वातंत्र्यानंतर ते बिहारचे राज्यपाल झाले.

याच शहरात यशवंत खुशाल देशपांडे नावाचे संशोधक होऊन गेले. त्यांनी शारदाश्रम ही संस्था उभारली आणि महानुभाव पंथाच्या पोथ्यांसह शेकडो वर्षांचं लेखन धुळीतून वर काढलं. त्याच पिढीत यादव माधव काळे यांनी ‘वऱ्हाडचा इतिहास’ लिहिला. तो 1924 मध्ये छापला गेला. राजधानीच्या मोठ्या शहरांतल्या विद्यापीठांची वाट न पाहता या माणसांनी आपल्या मुलखाचा शोध आपणच घेतला. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन यवतमाळात दोनदा भरलं, 1973 मध्ये ग. दि. माडगूळकरांच्या आणि 2019 मध्ये अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली. या दोन्ही प्रसंगांचा पाया त्या जुन्या पिढीने घातला होता.

आता ऋणाबद्दल बोलतो. जिल्ह्याचं क्षेत्रफळ साडेतेरा हजार चौरस किलोमीटर आहे. वणी असो की उमरखेड, तिथल्या माणसाला यवतमाळच्या कचेरीत यायचं तर शंभर किलोमीटरहून अधिक रस्ता तुडवावा लागतो. एका सहीसाठी कास्तकाराची दिवसभराची मजुरी बुडते. झरी-जामणीच्या कोलामाला आणि घाटंजीच्या बंजारा तांड्यावरच्या बाईला तर हा रस्ता आणखी लांबचा वाटतो. पुसद जिल्हा वेगळा करा, ही मागणी म्हणूनच इतकी वर्षं जिवंत आहे. वसंतराव नाईक आणि सुधाकरराव नाईक असे दोन मुख्यमंत्री पुसदने राज्याला दिले, तरी ती मागणी अजून मागणीच आहे. यवतमाळात राहणाऱ्यांनी या मागणीकडे आपला मान कमी होईल या भीतीने पाहू नये. वणीचं नाव गेलं तेव्हा वणी संपली नाही. कोळशामुळे ती आज जिल्ह्यातल्या सर्वांत चलतीच्या गावांपैकी एक आहे.

ज्या कापसाने हे शहर उभं केलं, त्याच कापसाच्या कास्तकाराने या जिल्ह्यात कर्जापायी जीव दिल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं ऐकतो आहोत. जिनिंगचा पैसा शहरात राहिला, रस्ते आणि बंगले झाले. बोंड वेचणाऱ्याच्या वाट्याला काय आलं, याचा हिशेब शहराने मांडला पाहिजे. शाळा, दवाखाना, बँक, बाजार समिती यांपैकी जे जे मुख्यालयात चांगलं आहे, ते खेड्यातल्या माणसाला सन्मानाने मिळालं, तरच मुख्यालयाला अर्थ आहे.

पाण्याचंही तसंच. पठारावर थंड हवा आहे, पण शहराजवळून मोठी नदी वाहत नाही. निळोणा आणि चापडोह या दोन तलावांवर शहराने अनेक वर्षं तहान भागवली. 2018 च्या उन्हाळ्यात ते आटले आणि नळाची वाट पाहत लोकांनी दिवस काढले. बेंबळा धरणातून पाणी आणण्याची योजना हाती घ्यावी लागली. हे पाणी ज्या खोऱ्यातून येतं, तिथल्या शेताला आधी पाणी मिळालं का, हेही शहराने विचारलं पाहिजे.

रेल्वेचं चित्र आता बदलतं आहे. वर्धा–यवतमाळ–नांदेड या मोठ्या लाइनचं काम सुरू आहे. तिचा वर्धा ते कळंब हा टप्पा 2024 मध्ये सुरू झाला. मोठ्या लाइनची गाडी यवतमाळच्या आधी कळंबला पोचली, अकबराच्या काळातल्या त्या जुन्या ठाण्याला. मोठेपण एका गावातून दुसऱ्या गावात जातं आणि कधी कधी परतही येतं. म्हणून आज ज्याच्याकडे ते आहे, त्याने ते जपावं आणि वाटून घ्यावं.

श्रोतेहो, शेवटी एक विनंती. तुमच्या घरात जुन्या वणी जिल्ह्याच्या शिक्क्याचे कागद असतील, जिनिंगच्या हिशेबवह्या असतील, शकुंतलेची तिकिटं किंवा जुने फोटो असतील, तर ते रद्दीत देऊ नका. गावातल्या शाळेत, ग्रंथालयात नेऊन दाखवा. शिक्षकांनी मुलांकडून आपापल्या गावाचा इतिहास लिहून घ्यावा, त्यात आजोबा-आजीचं बोलणं तारखेसह नोंदवावं. शकुंतलेचं स्टेशन ही ऐतिहासिक वास्तू म्हणून राखली जावी, यासाठी नगरपालिकेकडे आणि रेल्वेकडे अर्ज करावेत. वऱ्हाडचा इतिहास लिहिणाऱ्या पिढीने शंभर वर्षांपूर्वी आपलं काम केलं. पुढचा भाग लिहिण्याची जबाबदारी आता आपली आहे आणि त्याची सुरुवात याच आठवड्यात, आपल्या घरातल्या जुन्या ट्रंकेपासून करता येईल.