फळ्यापासून स्क्रीनपर्यंत: हात कोणाचा?



मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. ‘शाळेत स्मार्ट बोर्ड आले, आता वर्गात जात कुठे राहिली?’ असे मला अनेकदा विचारले जाते. आज त्यावरच बोलते.

फळा हेही एके काळचे तंत्रज्ञानच. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी बाबासाहेबांना गणित सोडवायला फळ्याकडे बोलावले, तेव्हा वर्गात एकच गडबड उडाली. फळ्यामागे सवर्ण मुलांचे डबे होते. ते आधी हलवले गेले, मग बाबासाहेब फळ्याजवळ पोहोचले. हा प्रसंग त्यांच्या चरित्रात नोंदलेला आहे. खडू होता, फळा होता, शिक्षकही बोलावत होते. तरी वाटेत जात उभी होती. साधन बदलले म्हणून ती बाजूला होत नाही.

आता आकडे पाहा. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 75व्या फेरीनुसार 2017-18 मध्ये ग्रामीण भागातल्या फक्त 4.4 टक्के घरांत संगणक होता, शहरी भागात 23.4 टक्के. इंटरनेटची सोय ग्रामीण 14.9 टक्के घरांत, शहरी 42 टक्के. त्यानंतर दोनच वर्षांत टाळेबंदी आली आणि देशभरची शाळा मोबाइलमध्ये गेली. 1 जून 2020 रोजी केरळमध्ये ऑनलाइन वर्ग सुरू झाले. त्याच दिवशी मलप्पुरम जिल्ह्यातल्या एका दलित विद्यार्थिनीने आत्महत्या केली. घरातला टीव्ही बिघडलेला होता, स्मार्टफोन नव्हता, असे तिच्या वडिलांनी सांगितले. शाळांत संगणक पोहोचवण्यात केरळ देशात पुढे मानले जाते. तिथे ही गत, तर इतर राज्यांचे काय बोलावे?

ज्या वर्गात साधन पोहोचते, तिथली गोष्ट वेगळी. एका शाळेत मी पाहिले, एक संगणक आणि चाळीस मुले. माउस कायम पुढच्या बाकावरच्या दोघातिघांच्या हातात. वस्तीवरची मुले मागे उभी राहून बघणार, आणि तास संपला की वायरी गुंडाळून खोली झाडायला मात्र तीच पुढे. दुसऱ्या एका शाळेत पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर शिष्यवृत्तीची यादी टाकली गेली: नाव, जात, बँक खाते, सगळे. ज्या मुलीने वर्गात आपली जात कधी सांगितली नव्हती, तिची जात एका मिनिटात चाळीस घरांत पोहोचली.

म्हणून हे तंत्रज्ञान नको, असे मी म्हणणार नाही. इंग्रजी आपल्याला नको होती का? शिकवणीची फी न परवडणारी मुलगी एकच धडा दहा वेळा ऐकू शकते, तिला कोणी ‘एवढे कळत नाही का’ म्हणत नाही. गोंडी किंवा कोरकू बोलणाऱ्या मुलाला त्याच्या भाषेतली गोष्ट वर्गात ऐकवता येते. ही ताकद आपल्या मुलांना हवीच आहे.

जोतीराव फुल्यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिले. वयाच्या 12 वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही मागणी त्यात होती. शिक्षक शेतकरी वर्गातून यावेत, असेही त्यांनी सांगितले. शाळा उघडली एवढ्यावर ते थांबले नाहीत. शिकवणारा कोण, शिकवतो काय, हेही त्यांनी विचारले. स्क्रीनबद्दल आपणही तेच विचारायचे आहे.

शाळा व्यवस्थापन समितीत आपल्यातले पालक आहेत. त्यांनी चार गोष्टी धरून बसावे. संगणकाला हात लावायची पाळी हजेरीपटाप्रमाणे ठरवा आणि भिंतीवर लावा. झाडण्याची पाळीही त्याच यादीने. मुलांची जात आणि खाते क्रमांक कोणत्याही ग्रुपवर टाकू नका. घरी मोबाइल नसलेल्या मुलांसाठी शाळा सुटल्यावर तासभर खोली उघडी ठेवा. आणि स्क्रीन आली म्हणून शिक्षकाची एकही जागा रिकामी ठेवू देऊ नका.

यातल्या पहिल्या तीन गोष्टींना सरकारी निधी लागत नाही. येत्या बैठकीत त्या ठरावात लिहून घ्या.

जय भीम, जय ज्योती, जय सावित्री.