वाहत्या पाण्याची विद्या



१९७८ पासून नर्मदा इंदूरकरांच्या घरी नळाने येते. जलूदहून घाट चढून आलेल्या या पाण्यावर शहर वाढले. परंतु त्याच पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या उपजीविका करणाऱ्या केवट आणि कहार मंडळींचे स्मरण येथे क्वचितच होते.

महेश्वरचा घाट म्हटला की देवी अहिल्याबाईंची मूर्ती डोळ्यांपुढे उभी राहते. घाटाशी बांधलेली लहानशी लाकडी नाव मात्र नजरेतून निसटते. फळ्या जोडून, सांध्यांत सूत ठासून आणि वर डांबर लावून ती हातानेच घडवितात. एकाने वल्हे धरावे, दुसऱ्याने जाळे टाकावे, अशी कामाची वाटणी असते. डोह कोठे, धार कोठे, कोणत्या खडकाआड मासा विसावतो, हे ज्ञान बापाकडून मुलाकडे नावेतच येते.

हे ज्ञान वाहत्या पाण्याचे आहे. नर्मदेचा महासीर, म्हणजेच तेथील बाडस, पावसाळ्यात प्रवाहाविरुद्ध चढतो आणि स्वच्छ, वाळूगोट्यांच्या पात्रात अंडी घालतो. १९५८ ते १९६६ या काळात होशंगाबाद परिसरात झालेल्या शास्त्रीय पाहणीत जाळ्यात येणाऱ्या मासळीत त्याचा वाटा मोठा होता. पुढे इंदिरा सागर, ओंकारेश्वर आणि सरदार सरोवर ही धरणे झाली व नदीची सलग धार तुटली. २०११ साली मध्य प्रदेशाने महासीरला राज्यमत्स्याचा मान दिला, तेव्हा त्याचे माहेर आटत चालले होते.

पाणी साचले, तसा हक्कही बदलला. वाहत्या नदीत जाळे टाकणे वहिवाटीचे होते. मोठ्या जलाशयांत ते ठेक्याचे झाले. नर्मदेची उपनदी तवा हिच्यावरील जलाशयात १९९६ साली विस्थापित आदिवासींच्या सहकारी संघाला मासेमारीचा हक्क मिळाला. मासळी धरणे, जलाशयात मत्स्यबीज सोडणे आणि विक्री करणे ही कामे त्यांनी स्वतः सांभाळली. २००६ नंतर मात्र तो करार पुढे चालला नाही.

शतक पाहिलेल्या ग्रंथालयाने या प्रश्नाकडे का वळावे? कारण ही विद्या कोणत्याही पोथीत नाही. नावेच्या भागांची, जाळ्यांची, डोहांची नावे वृद्ध केवटांच्या मुखीच आहेत. ती आज टिपून ठेवली नाहीत, तर उद्या सांगणारे उरणार नाहीत. नर्मदेचे पाणी पिणाऱ्या नगरीचे ऋण एवढ्याने फिटणार नाही. पण ते आहे, याची नोंद तरी राहील.